शिमगा आणि फळीवरचा रिले

शिमगा जवळ आला की मी पडवीतल्या फळीवरचा डबा पुसायला काढतो. फाल्गुनात आमच्याकडे धूळ फार. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, वाळलं गवत कुणीतरी पेटवून दिलेलं असतं, त्याची काळी राख वाऱ्याबरोबर उडत येते आणि घरभर बसते. डब्याच्या जाळीत मुंग्या मातीचे दाणे नेऊन ठेवतात. उबेला एक पाल येऊन राहते. हुसकावली तरी पुन्हा येते. अख्ख्या वाडीत या डब्याकडे निष्ठेने येणारी आता तीच उरली आहे. पुसून झालं की मी पडद्यावर बघतो, कितीजण जोडलेले आहेत. कुणी नसतं. मग फडकं झटकतो आणि बायकोला, मीनाला, चहा टाकायला सांगतो.

या दिवसांत सकाळपासूनच खालच्या आवाठातून, म्हणजे खालच्या वस्तीतून, ढोल ऐकू येतो. पोरं हात बसवत असतात. काजूच्या बोंडांचा आंबूस वास घशाशी येतो. मुंबईच्या गाड्या लाल धूळ उडवत वर चढतात, वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात, कौलांतून पुन्हा धूर येतो. लहानपणी या आवाजांनी माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. आता ढोल सुरू झाला की मी खिडकी लावून घेतो आणि उकाड्यात बसून काम करतो.

डबा म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला छोटा संगणक. रत्नागिरीत एका दुकानात धूळ खात पडला होता, तो मी आणला. त्याच्यावर मी रिले चालवतो. हे खूळ डोक्यात शिरायचं कारण असं की मुंबईतल्या गाववाल्यांचं मंडळ आणि गाव यांचा मिळून एका बड्या ॲपवर ग्रुप होता आणि तो एका सकाळी बंद झाला. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायला कुठे खिडकीही नव्हती. बारशांची आमंत्रणं, मयतांचे निरोप, नमनाच्या खेळांची चित्रणं, सगळं गेलं. मी तेव्हा नुकताच मुंबईची नोकरी गुंडाळून घरी आलो होतो. म्हणजे बसायचो पडवीत आणि राबायचो दूरदेशीच्या कुणासाठी. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. देवीची पालखी बसते त्या सहाणेवर मी माणसं गोळा केली आणि भाषण ठोकलं.

मी म्हणालो, आता असं सोशल नेटवर्क आहे की ज्याला मालकच नाही. तुमचं नाव तुमचं, लिहिलेलं तुमचं, त्यावर सहीसुद्धा तुमचीच. रिले फक्त एकाकडून घेतो आणि बाकीच्यांना पोचवतो. तो आपण आपल्या वाडीत चालवू. आणि माझा रिले उद्या नको झाला तर दुसरा धरा, आपलं नाव उचला आणि चालते व्हा, कुणाच्या पाया पडायला नको. हे शेवटचं वाक्य मी फार जोरात म्हणालो होतो. माणसं ऐकत होती. महादेवतात्या तर मान डोलावत होते. तात्या आमचे गावकार. देवळात पहिला मान त्यांचा आणि गावकीत शेवटचा शब्दही त्यांचाच.

"म्हंजे पालखीगत की," तात्या म्हणाले. "एकाच्या दारातनं उचलायची, दुसऱ्याच्या दारात न्यायची. भोई कुणाचं काय बघत नाय."

मी म्हटलं, अगदी तस्संच तात्या. मला वाटलं, चार वर्षं घासून मला जे सांगता आलं नसतं ते या माणसाने एका दमात सांगितलं.

ते पहिलं वर्ष मात्र खरोखर सुखाचं गेलं. मुंबईत डबलपाळी करणारी पोरं जेवणाच्या सुट्टीत गावचं वाचायची. मी फळीखाली बॅटरी आणून ठेवली, कारण आमची वीज. ती तयार होते पोफळीला, आमच्याच जिल्ह्यात, पण आमच्या पोरांसारखीच आधी मुंबईला जाते आणि गावाकडे सवडीने येते. वीज गेली की सगळ्या वाडीत अंधार आणि माझ्या पडवीत डब्याचा एक निळा ठिपका चालू. जाणारा येणारा विचारायचा, "काय सुधीर, चालू हाय ना?" देवाच्या नंदादीपाची चौकशी करावी तशी माणसं त्या ठिपक्याची चौकशी करत. मी कधी नव्हे तो गावाच्या उपयोगी पडलो होतो.

रिलेवरच्या सगळ्यात मोठ्या लेखिका म्हणजे सुलभाकाकी. माझ्या घराला लागून गडगा, म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण, आणि गडग्यापलीकडे त्यांचं घर. शाळा चौथीपर्यंत. साठी उलटल्यावर मुलाने, प्रकाशने, मुंबईहून फोन पाठवला आणि काकींना लिहायचा नाद लागला. त्या लांबण लावत नसत. "आज कोंबडी रुसली, अंडं नाय." "मोहोर करपला. थोडा हाय, पण करपला." "ह्यांचा खोकला तसाच. वारा उलटा फिरलाय." बस्स, एवढंच. पण परळच्या कुठल्या खोलीत बसलेल्या माणसाला तेवढ्यावरून आपल्या परसातला वारा लागत असे. कोंबडी अजून रुसलेली आहे का, अशी विचारणा दिवसभर चालायची. काकी संध्याकाळी एका ओळीत उत्तर द्यायच्या. मी मधे कुठेच नव्हतो, फक्त निरोप इकडून तिकडे जात होते, आणि त्याचंच मला अप्रूप होतं.

मग रस्ता आला. सहाणेकडे जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, रुंद करून गाडीरस्ता करायचं गावकीने ठरवलं. तो काकींच्या काजूच्या परसातून काढायचा होता. काका, रामकाका, बैठकीत म्हणाले, कडेने काढा, मी जागा देतो, मधून नको, ती झाडं मी पाठीवर पाणी वाहून वाढवलीत. गावकीने सांगितलं, गावाचा शब्द आहे. काका म्हणाले, माझाही शब्द आहे. साधा, नेमस्त माणूस, आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलला असेल. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत त्यांचं दळण कुणी घेईना. कुणी जाहीर काही केलं नाही. पण विहिरीवर काकी आल्या की बायका कळशा उचलून चालू लागल्या. काकींनी तेही एका ओळीत रिलेवर लिहिलं आणि मुंबईने वाचलं.

याला कायदा आहे, तक्रार करा, मी येतो बरोबर, असं मी काकांना सांगितलं. ते अंगणात कोयता परजत बसले होते. "कायदा येईल काय खांदा द्यायला?" एवढंच ते म्हणाले. आमच्याकडे माणूस वाळीत पडतो तेव्हा त्याला उपाशी राहायची भीती नसते, बाजारात सगळं मिळतं. भीती असते ती एकच. आपल्या मयताला कुणी येणार नाही.

पौषात तात्या माझ्याकडे आले. पडवीत बसले, पाणी प्यायले, आंब्याची चौकशी केली. मग फळीकडे बघत म्हणाले, "ती बाई लिवते ते बंद कर."

"कसं बंद करू, तात्या?"

"डबा तुजा हाय. तुला येतं. पोरं सांगत व्हती."

येत होतं. एका नावापुढे खूण केली की त्या नावाचं काही घ्यायचं नाही एवढं रिलेला कळतं. मी म्हटलं, "तात्या, तुम्हीच म्हणाला होतात, भोई कुणाचं काय बघत नाहीत."

तात्या हसले. रागाचं नाव नाही. "भोई बघत नाय रे," ते म्हणाले. "पण वाट गाव ठरवतो." पायात चपला सरकवताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं, तुजी मर्जी."

मला वाटलं मी जिंकलो. मीनाला रात्री जेवताना मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मी तिला मालक नसलेल्या जगाचं महत्त्व पटवत बसलो. त्याच आठवड्यात मंडळातल्या कुणा हुशार पोराने मुंबईत दुसरा रिले उभा केला, आणि एका सकाळी प्रत्येकाने आपल्या फोनमधला एक पत्ता काढून दुसरा घातला. कुणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. एकदोघांनी तर, "डब्याची काळजी घे," असंही लिहिलं. मी शिकवलं होतं अगदी तसंच झालं. नाव उचललं, चालते झाले, पाया पडायला नको. पडद्यावरचा आकडा उतरताना मी बघत होतो. दुपारी चहाच्या वेळेपर्यंत एकच नाव उरलं. काकींचं.

गाव करी ते राव न करी, ही म्हण मास्तरांनी आम्हाला एकीचं बळ समजावायला सांगितली होती. मी मालकाला घाबरत होतो. मालक निदान एक असतो, त्याला शिव्या घालता येतात. इथे कुणी कुणाचं तोंड दाबलं नव्हतं. सगळे फक्त उठून गेले होते. त्या सकाळी मला जे कळलं त्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही. आपण माणसांना दार उघडून द्यावं आणि त्यांनी त्यातून एका म्हातारीला एकटं टाकून निघून जावं, याला काय करायचं?

नवा रिले काकींचं घेत नव्हता. मी म्हटलं, काकी, जगात असे पुष्कळ रिले आहेत, तुमचं लिहिलेलं मी तिकडे पाठवतो. त्या म्हणाल्या, "परक्यास्नी काय सांगायचं आपल्या घरचं?" आणि त्या माझ्याच डब्यावर लिहीत राहिल्या. समोर कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रकाश कामाच्या धबडग्यातून कधीमधी डोकावायचा, तोही पुढे भीतीने येईनासा झाला, कारण मुंबईत तो मंडळाच्या खोलीतच राहायचा, गाठोडी तिथेच होती. तरी काकींचं लिहिणं गावाला उद्देशून असे. "गिरणी बंद हाय म्हणून सांगतात आमाला. आवाज तर येतो." "आज विहिरीवर कोण नव्हतं. बरं वाटलं." मी वाचत असे. पण मी गाव नव्हतो.

त्या शिमग्याला पालखी भोवनीला, म्हणजे घरोघर फिरायला, निघाली तेव्हा काकींनी लिहिलं ते मला पाठ आहे. "आज पालखी आली. आमच्या बेड्याशी ढोल थांबला. पालखी पुढे गेली मग ढोल परत वाजला. मी अंगण सारवलं होतं." बेडं म्हणजे अंगणाचं बांबूचं फाटक. वाळीत पडलेल्या घरापुढून जाताना ढोल मुका करायचा अशी आमच्याकडची रीत. ती मी ऐकून होतो, कानांनी पहिल्यांदाच ऐकली. माझ्या दारात मात्र पालखी नाचवली त्या वर्षी. तात्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. गावाने मला विचार करायला सवड दिली असावी.

आषाढात काकांचा खोकला छातीत उतरला. कुणाची रिक्षा मिळेना, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. काकी सकाळपासून उपाशी होत्या. मी त्यांना भाट्याला घेऊन गेलो, पुलापलीकडे टपरीवर चहा सांगितला. समुद्र मातकट होता, बोटी सगळ्या ओढून ठेवलेल्या. नारळ संशोधन केंद्रातले माड ओळीत उभे राहून भिजत होते. काकींनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळून तळाला गेलं तरी हातातला तुकडा धरूनच बसल्या.

"सुधीर, मी लिवलंय ते पुसता येतं?"

"येतं. का?"

"तात्या बोलला, रस्त्याला जागा द्या आणि ते लिवलेलं पुसा. मग गाव येईल."

"काकी, ते पुसलं तर असं झालं होतं हे सांगायला काहीच राहणार नाही."

"कुणाला सांगायचं हाय?" त्यांनी कप खाली ठेवला. "डाक्तर बोलला ते तू पण ऐकलंस. एक खांदा परकाशचा. एक तुजा. उरलेले दोन मी कुठनं आणू रे?"

 मालक नसलेलं जग, स्वतःची सही, कुणालाही न पुसता येणारा आवाज, सगळी भाषणं त्या टपरीवर माझ्या तोंडात सुकून गेली. मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही परत आलो.

या नेटवर्कात पुसणं म्हणजे नुसती विनंती असते. एकाने पुसा म्हटलं तरी जगभरातल्या बाकीच्या रिलेंनी ऐकलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे लिहिलेलं कुठे ना कुठे राहतं, असं याचे भक्त अभिमानाने सांगतात. मीही सांगायचो. पण काकींचं लिहिलेलं फक्त माझ्या फळीवर होतं. त्या पडवीत आल्या, डब्याला हात लावून बघितला. "गरम हाय रे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुसायच्या आधी एक वाचून दाखव." मी पालखीचं वाचलं. ढोल थांबला, परत वाजला, अंगण सारवलं होतं. काकींनी पदर तोंडाला लावला होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

"चांगलं लिवलं व्हतं, नाय?"

"होय काकी."

"पूस."

मी पुसलं. तिथे गंमत अशी की काही आवाज होत नाही, धूर निघत नाही. निळा ठिपका होता तसाच चालू राहिला. काजूची झाडं पुढच्या आठवड्यात तोडली, त्यांचा आवाज मात्र दिवसभर येत होता. काकांनी तो अंथरुणात पडून ऐकला.

गणपतीच्या तोंडावर काका गेले. गावाने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. झाडून सगळे आले. तात्यांनी स्वतः बांबू तोडून आणले. घराघरातून लाकडं आली, आमच्याकडे मयताला प्रत्येक घराने लाकूड द्यायचं असतं. मीही मोळी नेली. कुणी नको म्हटलं नाही. कुणी घेतलीही नाही. चार खांदे केव्हाच भरले होते, म्हणून मी मागून चालत गेलो. सगळे परतल्यावर माझी मोळी कडेला तशीच भिजत पडलेली दिसली. काकींना मी दुसरा खांदा वाटलो होतो, तोही लागला नाही. त्यांच्यासाठी ते बरंच झालं, असं मी स्वतःला समजावतो.

काकी त्यानंतर नव्या रिलेवर लिहू लागल्या असं कळलं. काय लिहितात ते मला दिसत नाही, कारण तो रिले माझं नाव घेत नाही. गडग्यापलीकडे त्या भांडी घासतात, कोंबड्यांना हाका मारतात, माझी चाहूल लागली की आत जातात. त्यांच्यावर मी रागवत नाही. त्यांनाही एक दिवस जायचं आहे आणि चार खांद्यांची तजवीज त्यांना करायची आहे. मीना मला म्हणते, बंद करून टाका तो डबा, नुसती वीज खातो. बरोबर आहे तिचं. बंद करायला हात जात नाही, एवढंच. आशा वगैरे काही नाही त्यात. जिच्यासाठी चालू ठेवला तिचं एक अक्षरही आता त्यात नाही.

गेल्या शिमग्याला काकींच्या घरी दुखवटा होता, तेव्हा पालखी तिकडे गेली नाही. माझ्याकडेही आली नाही. तात्यांनी निरोप पाठवला, तुझ्या दाराचा चढ उभा आहे, भोई दमतात. मीनाने ओटीचा नारळ फोडून त्याची चटणी केली. यंदा निरोपही नव्हता. तरी काल तिने सकाळी अंगण सारवलं, दारात रांगोळी काढली, खण-नारळाचं ताट तयार करून उंबऱ्यावर ठेवलं. 

दुपारी ढोल वर चढत आला. नव्या रस्त्याने पालखी झुलत येताना दिसली, गुलालाने रस्ता लाल, मुंबईची पोरं घामाने निथळलेली. आमच्या बेड्याशी आली आणि ढोल थांबला. नुसते पाय वाजत होते, खडीवर घासणारे. मीना ताट घेऊन उभी होती. पालखी पुढे गेली, काकींच्या अंगणात वळली आणि ढोल पुन्हा उसळला.

मी गडग्याशी जाऊन उभा राहिलो. काकींनी ओटी भरली. बऱ्याच दिवसांनी त्यांना मी एवढ्या जवळून बघत होतो, थकल्या आहेत. मग सगळे शांत झाले आणि तात्यांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकाने गावाच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागणीला रुकार द्यायचा. या लेकीच्या घराला सुखी ठेव म्हाराजा. व्हय म्हाराजा. रामचंद्राच्या आत्म्याला जागा दे म्हाराजा. व्हय म्हाराजा. मग तात्या जरा थांबले, त्यांनी गडग्याकडे बघितलं नाही, पण आवाज इकडे वळला. "आनि गावाच्या शब्दाबाहेर जो कोन ऱ्हायला असंल, त्याला सुबुद्धी दे, वाटेवर आन म्हाराजा."

सगळ्या आवाजांत काकींचा आवाज वेगळा कळत होता, चिरका आणि मनापासूनचा. "व्हय म्हाराजा."

आणि गडग्याच्या अलीकडे, लहानपणापासूनची सवय, माझ्याही तोंडून तेच निघून गेलं.